मालनची माती

बोरजाईवाडीत त्या आठवड्यात सगळ्यांना एकच कोडे पडले होते. धनाजी शेलारांनी आपल्या विहिरीजवळ एवढा मोठा खड्डा कशासाठी खणला?

आता गाव म्हटले की उत्तरांना काय तोटा! कुणी म्हणाले, शेततळे. पण विहिरीला चिकटून शेततळे कोण खणतो? कुणी म्हणाले, गोबरगॅस. एवढ्या खड्ड्याला शेण पुरवायचे तर दारात हत्ती बांधावे लागले असते. पारावरच्या एका विद्वानाने तर आबांना गुप्तधन सापडल्याचेही जाहीर करून टाकले. धनाजीआबा स्वतः मात्र हूं की चूं करत नव्हते. कुणी विचारलेच तर मिशीवरून हात फिरवायचे आणि आभाळाकडे बघायचे.

कोडे सुटले ते मंजिरीला. मंजिरी म्हणजे आबांची नात, सहावीतली. वर्गात तिचे टोपणनाव 'पुरे आता' असे होते, कारण तिचे प्रश्न सुरू झाले की सर शेवटी एवढेच म्हणायचे. त्या दुपारी ती बांधावर बसून भाकरी खात होती आणि खड्ड्याकडे बघत होती. खड्डा अरुंद आणि लांबलचक होता. त्याच्या तीन बाजू सरळ खाली उतरलेल्या, पण चौथ्या बाजूला मातीचा सावकाश उतार ठेवला होता. उतार कशाला? एखादी चाकाची वस्तू आत नेता यावी म्हणून. मंजिरीची नजर आपोआप समोरच्या लिंबाखाली गेली. तिथे मालन उभी होती. मंजिरीने हातातली भाकरी खाली ठेवली.

मालन म्हणजे आबांचा दहा चाकांचा डिझेलचा ट्रक.

ही गोष्ट आहे अजून काही वर्षांनी येणाऱ्या काळातली. तेव्हा मालवाहू गाड्या विजेवर चालायला लागल्या होत्या. सपाट रस्त्यावर तर त्यातल्या कितीतरी गाड्यांना चालकच नसायचा. मुंग्यांसारख्या एकीमागे एक शिस्तीत जायच्या. अख्ख्या तालुक्यात डिझेलची शेवटची मालवाहू गाडी उरली होती ती मालन. तिचाही परवाना आता संपला होता. अशा गाड्या घाटाच्या पायथ्याशी असलेल्या 'वाहन निवृत्ती केंद्रा'त नेऊन द्यायच्या, असा त्या काळचा नियम होता. आणि आबांनी तर मालनला कुठेच न देण्याचे ठरवले होते.

मंजिरी धावत घरी गेली. "आबा, तुम्ही मालनला पुरणार आहात?"

आबा खाटेवर बसून दोरी वळत होते. ते दचकले, पण खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "पुरणार म्हणू नगं गं. समाधी देणार म्हण."

"ट्रकला समाधी?"

"का? हौशाला दिली न्हवं?"

हौशा हा आबांच्या वडिलांचा बैल. मंजिरीने त्याला पाहिलेले नव्हते, पण तो म्हातारपणी मेला तेव्हा पणजोबांनी त्याला नवी झूल पांघरून आपल्याच रानात पुरले आणि वर जांभळाचे झाड लावले, हे घरात सगळ्यांना पाठ होते. त्या झाडाची जांभळे खाऊन मंजिरीच्या कितीतरी फ्रॉकांची वाट लागली होती.

"हौशानं जलमभर औत वढलं, मंजे," आबा म्हणाले. "मालननं आपलं घर वढलं. तुझ्या बापाचं शिक्षण, आत्याचं लगीन, सगळं हिच्या जिवावर. आन् त्या मोठ्या दुष्काळात हिच्यावर टाकी चढवून मी गावाला पाणी पाजलंय. रातध्याड पळली, पर एकदा बी वाटंत रुसली न्हाई. अशा लक्षुमीला परक्यांच्या हातानं तोडू देऊ? त्यापरास आपल्या रानात निवांत निजंल."

बोलता बोलता आबांनी दोरी बाजूला ठेवली. मंजिरीला रडू आले. लहानपणी ती मालनच्या केबिनमध्ये, सीटमागच्या फळीवर झोपायची. मालनला कुणी हातोडे मारतेय, हे तिलाही बघवले नसते.

पण डोळे पुसताना तिला एक गोष्ट आठवली. मालन जिथे जिथे उभी राहायची, तिथे तिथे जमिनीवर काळे तेलकट डाग पडायचे. आई तिथली माती खुरप्याने उचलून दूर टाकायची. आता तीच मालन विहिरीशेजारी मातीखाली कायमची झोपणार. ते तेल मग जाणार कुठे? त्या विहिरीचे पाणी सगळी वस्ती पीत होती.

आबांना विचारायची काही सोय नव्हती. मंजिरीने शेवटी वाहन निवृत्ती केंद्राला फोन केला. आपण आबांशी घरभेदीपणा करतोय असे तिला वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक छोटी गाडी थांबली. आतून उतरल्या डॉक्टर रुक्साना शिकलगार. त्या औषधाच्या डॉक्टर नव्हेत, धातूंच्या. त्यांच्या पूर्वजांनी गावोगाव फिरून विळे-सुऱ्यांना धार लावली होती आणि यांनी धातूंचाच अभ्यास करून केंद्र उभे केले होते. त्यांच्यामागून वासराएवढा एक यंत्रमानव टुणकन खाली उतरला. त्याला तोंड नव्हते; एक गोल काचेचा डोळा आणि बरेच बारीक बारीक हात होते. गाडीचा भाग न् भाग वेचून वेगळा करायचा हेच त्याचे काम, म्हणून त्याचे नाव वेच्या.

आबांनी एकदा त्या दोघांकडे पाहिले आणि एकदा मंजिरीकडे. "घरातच बिभीषण निघाला म्हणायचा! म्याडम, आलायसा तर च्या घ्या आन् वाटंला लागा. मी मालनला मोडीत काढणार न्हाई."

वेच्याचा डोळा गरगर फिरला. "मोडीत. मूळ शब्द मोड. मोड म्हणजे भिजवलेल्या कडधान्याला फुटलेला अंकुर." मग तो अतिशय आदराने आबांकडे वळला. "काका, मालनला मोड आले तर तुमची हरकत का आहे?"

मंजिरी अशी काही हसली की तिला उचकी लागली. आबांची मिशीही हलली, पण त्यांनी ती वेळेवर आवरली.

"माफ करा, काका," शिकलगार मॅडम ओशाळून म्हणाल्या. "याला अख्खा शब्दकोश पाठ आहे. पण कुठला अर्थ कुठं लावायचा ते अजून उमगत नाही."

"आमच्या सरपंचावानी हाय म्हणा की," आबा म्हणाले, आणि चहात दोन चमचे साखर जास्त टाकायला सांगितली. पाहुण्यांवरचा राग त्यांना फार वेळ धरून ठेवता यायचा नाही.

चहा झाल्यावर सगळे खड्ड्याजवळ गेले. मॅडमनी हौशाची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली.

"तुमच्या वडिलांनी अगदी योग्य केलं, काका," त्या म्हणाल्या. "मातीत सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) असतात. त्यांनी हौशाचं सगळं शरीर हळूहळू सुटं केलं. याला विघटन (मोठ्या पदार्थाचे साध्या साध्या घटकांत सुटे होणे) म्हणतात. ते सुटे घटक झाडाच्या मुळांनी शोषले. हौशा खरंच जांभळात गेला."

"मंग! म्या तरी दुसरं काय म्हणतोय?" आबांना आता जोर चढला. "मालन बी जाईल."

मॅडमनी विहिरीतून बादलीभर पाणी काढायला सांगितले. वेच्याने मालनच्या पोटाखालून, इंजिनाच्या बुडाशी साचलेला तेलाचा एकच थेंब बोटावर घेतला आणि बादलीत सोडला. बघता बघता पाण्यावर रंगीबेरंगी पातळ साय पसरली. बादलीतल्या पाण्याचा एकही भाग तिने सोडला नाही.

"हा एक थेंब झाला," मॅडम म्हणाल्या. "मालनच्या पोटात इंजिनाचं तेल आहे, गिअरचं तेल आहे, ब्रेकचा द्रव आहे, इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे, त्यातही रसायन घातलेलं असतं. बॅटरीत तेजाब (जाळणारे आम्ल) आहे आणि शिसं आहे. शिसं पाण्यावाटे लहान मुलांच्या पोटात गेलं तर त्यांच्या मेंदूची वाढ खुंटते. मातीतले जीव बैल पचवतात, काका. शिसं त्यांना पचत नाही. आणि मालनच्या टाक्या काही वर्षांत गंजून फुटतील. मग आतलं सगळं झिरपत झिरपत कुठं जाईल?"

उत्तर समोरच होते. विहीर चार हातांवर होती.

मंजिरीचा स्वर रडवेला झाला. "आबा, मालननं दुष्काळात गावाला पाणी पाजलं ना? मग तिच्याचमुळं पाणी नासलं तर तिला कसं वाटेल?"

आबा उतारावर बसले. एक ढेकूळ उचलून त्यांनी त्याचा भुगा केला. मग म्हणाले, "पटलं मला. पर एक सांगा, म्याडम. हौशा कुठं गेला, ते मला ठावं हाय. मालन तुमच्याकडं दिली तर ती कुठं जाईल? एवढं सांगा, मग मी हात सोडतो."

मॅडमनी घसा खाकरला आणि पोलाद, भट्टी, मिश्रधातू अशी सुरुवात केली. आबांचा चेहरा अधिकच पडला. आपल्या माणसाचा पत्ता विचारावा आणि समोरच्याने भूगोल शिकवायला घ्यावा, तसे झाले.

मंजिरीने मध्येच विचारले, "आबा, आजीच्या पाटल्या कुठं गेल्या?"

"आता हे काय मधीच?"

"सांगा ना."

"कुठं म्हंजी? आत्याच्या लग्नात सोनाराला मोड म्हणून दिल्या. त्येचं मंगळसूत्र केलं."

"म्हणजे पाटल्या मेल्या?"

"सोनं मरतंय व्हय, येडे!"

"मग तुम्ही पाटल्या रानात पुरल्या नाहीत ते! वर जांभूळही लावलं नाही!"

वेच्याचा डोळा पुन्हा गरगरला. "मोड, दुसरा अर्थ. नवा दागिना घडवण्यासाठी दिलेला जुना दागिना." तो थोडा थांबला. "म्हणजे काहीतरी मोडतं आणि त्यालाच मोड येतात. काका, माझा पहिला अर्थ फार चुकला नव्हता."

या वेळी आबा खरोखर हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते त्यांनी पुसलेही नाही. "पर सोनार काय तशीच पाटली भट्टीत टाकत न्हाई बरं का. पोकळ पाटलीत लाख भरलेली असती. आधी ती काढतो, मग वजन, मग भट्टी."

"आमचंही पहिलं काम तेच," मॅडम म्हणाल्या. "आधी आतली 'लाख' काढायची. आम्ही त्याला निर्विषीकरण (विषारी आणि पेट घेणारे पदार्थ सर्वांत आधी काढून घेणे) म्हणतो. घाईघाईत गाडी उघड्यावर गॅसकटरनं कापली की हीच पायरी चुकते, आणि सगळं विष मातीत जातं."

आबा उठले आणि त्यांनी धोतराची माती झटकली. "चला मग. पर मालनला मी सोता चालवत नेणार. तुमी काय करताय ते डोळ्यांनी बघणार. पटलं न्हाई तर म्हागारी फिरवणार."

मॅडमनी एका फेरीची खास परवानगी काढली. मालन निघाली तेव्हा मंजिरीच्या आईने तिच्या चाकांवर पाणी घातले आणि नारळ फोडला. आबांनी वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

केंद्र म्हणजे काही भंगाराचा ढीग नव्हता. फरशी दवाखान्यासारखी स्वच्छ होती आणि कुठेही तेलाचा डाग नव्हता. मालनला उचलून धरणाऱ्या खांबांवर ठेवले गेले. वेच्या आणि त्याच्यासारखेच आणखी दोन यंत्रमानव तिच्या खाली सरकले. प्रत्येक द्रवासाठी वेगळे पिंप होते. इंजिनाचे तेल एका पिंपात, ब्रेकचा द्रव दुसऱ्यात, उरलेले डिझेल तिसऱ्यात.

"एकाच पिंपात ओतलं तर काम लवकर होईल की," मंजिरी म्हणाली.

"होईल. मग ते कुणाच्याच कामाचं राहणार नाही," मॅडम म्हणाल्या. "वेगळं ठेवलेलं जुनं तेल शुद्ध करून परत वापरता येतं. मिसळलं की तो नुसता कचरा. या केंद्रात एकच नियम मोठ्या अक्षरांत लिहिलाय, असं समज. जे मिसळलं नाही, ते वाचलं."

मग बॅटरी निघाली. तिच्यातल्या शिशाच्या पुन्हा नव्या बॅटऱ्या होणार होत्या. टायरांचा बारीक चुरा होऊन तो मुलांच्या मैदानावर अंथरला जाणार होता, पडले तरी गुडघे फुटू नयेत म्हणून. मालनचा गिअरबॉक्स तपासून मॅडम खूश झाल्या. "हा अजून ठणठणीत आहे. वितळवायची गरजच नाही. याचा पुनर्वापर (वस्तू आहे तशीच पुन्हा वापरणे) होईल. पुनर्चक्रण (वस्तू मोडून तिच्या पदार्थातून नवी वस्तू घडवणे) नंतर. वस्तू आहे तशी चालत असेल तर ती आधी वाचवायची, कारण वितळवायलाही ऊर्जा लागतेच."

"मी कधी गिअर करकरवला न्हाई," आबा म्हणाले. त्यांना बरे वाटले होते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

शेजारच्या दालनात दुसऱ्या गाड्यांच्या पत्र्याचे तुकडे पट्ट्यावरून वाहत होते. मोठे लोहचुंबक लोखंड उचलून घ्यायचे. पुढे मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. पट्ट्याच्या टोकाला आल्यावर काही तुकडे आपोआप उडी मारून पलीकडच्या पेटीत पडत होते.

"ते काय आहे?" मंजिरीने विचारले.

"ॲल्युमिनियम."

"पण त्याला तर लोहचुंबक चिकटत नाही!"

"चिकटत नाही, म्हणूनच तर गंमत. त्या टोकाच्या आत लोहचुंबक भरलेला रूळ वेगानं फिरतोय. त्यामुळं ॲल्युमिनियमच्या आत वीज गोल गोल फिरायला लागते. तिला भोवरी प्रवाह (बदलत्या चुंबकत्वामुळे धातूत निर्माण होणारी फिरती वीज) म्हणतात. त्या विजेमुळं तो तुकडाच थोडा वेळ चुंबक बनतो आणि खालचं चुंबक त्याला ढकलून देतं. प्लास्टिकमध्ये वीज फिरत नाही, म्हणून ते उडी न मारता सरळ खाली पडतं."

मंजिरीला तिथून हलवणे कठीण झाले असते. पण तेवढ्यात वेच्याची हाक आली. तो मालनच्या केबिनजवळ थबकला होता.

"कारखान्याच्या नकाशात दाखवलेली तांब्याची सगळी तार मी काढली," तो म्हणाला. "तरी माझ्या हाताला अजून तांबं जाणवतंय. केबिनच्या कोपऱ्यांतल्या खांबांत आहे, छतात आहे, पुढच्या बंपरमध्येही आहे. नकाशात ते नाही."

मॅडम हसल्या. "कारखान्यातून निघालेली गाडी वेगळी आणि आपल्या रस्त्यावर फिरलेली वेगळी. म्हणूनच आम्ही चालकाला बोलावल्याशिवाय गाडी पुढं सरकवत नाही. काका, हौसेनं काय काय घातलंत हिला?"

आबा नव्या नवरदेवासारखे लाजले. "काय न्हाई, आपलं... डोक्यावर दिव्यांचा मुकुट केला हुता. गाणी लावायला खोकी. उन्हाळ्याचा पंखा. देवाच्या फोटूला बारकी माळ. दर दसऱ्याला काय तरी नवं लावायचोच की."

"आणि त्या प्रत्येकाची तार?"

"आतनं वढून घेतलेली. दिसू नये म्हणून."

"थोडं तांबं राहिलं तर काय बिघडलं?" मंजिरीने विचारले. "लोखंडाबरोबर तेही वितळेल."

"तेच तर बिघडतं. वरणात मीठ जास्त पडलं तर तुझी आई काय करते?"

"अजून डाळ आणि पाणी घालते."

"मीठ काढून घेत नाही?"

"विरघळलेलं मीठ कसं काढणार!"

"तसंच तांबं. पोलादात एकदा वितळलं की ते परत काढणं महाकठीण. आणि तांबं जास्त झालेलं पोलाद तापवून लाटायला घेतलं की त्याला भेगा पडतात. मग त्यात डोंगर खणून आणलेलं नवं लोखंड मिसळावं लागतं, वरणात डाळ वाढवावी तसं. मीठ पातेल्यात पडायच्या आधी चमचा आवरला, तर डोंगरही वाचतो आणि वरणही."

वेच्याने पत्रा कापायचे पाते पुढे काढले. "तारा कुठून गेल्या आहेत ते ठाऊक नाही. मी खांब पूर्ण कापून बाजूला टाकू शकतो. पण मग ते लोखंड वाया जाईल."

आबांनी त्या पात्याकडे पाहिले. मग ते सदऱ्याच्या बाह्या वर करत पुढे आले. "थांब, लेकरा. तू नगं. माझ्या हातानं घातल्यात, माझ्याच हातानं काढतो. पाना दे, मंजे."

ज्या आबांना मालनला परका हात लागू द्यायचा नव्हता, ते आता स्वतःच तिचे एकेक आवरण उघडू लागले. मंजिरी शेजारी उभी राहून तारेचे वेटोळे करत होती. छतातली तार निघाली तेव्हा आबा म्हणाले, "ही तुझा बाप पास झाला त्या साली." खांबातली निघाली तेव्हा म्हणाले, "ही तुझ्या आज्जीला गाणी आवडायची म्हणून." बंपरमधली शेवटची तार काही केल्या येईना. वेच्याने एक बारीक हात आत घालून तिचे टोक मोकळे केले आणि मग मागे सरकला, ओढायचे काम त्याने आबांसाठी ठेवले. तार बाहेर आली आणि आबांना हुंदका फुटला. ते मालनच्या बॉनेटवर कपाळ टेकून लहान मुलासारखे रडले. मंजिरीने त्यांना मागून मिठी मारली. मॅडमनी सगळी यंत्रे थांबवायला सांगितली आणि आबा स्वतः बाजूला होईपर्यंत कुणीही त्यांना घाई केली नाही.

"जा बाई आता," आबा शेवटी म्हणाले. "लई केलंस."

काही दिवसांनी मॅडमनी दोघांना भट्टी बघायला बोलावले. ती कोळशावर नव्हे, छपरांवरच्या सौरपट्ट्यांच्या विजेवर चालत होती. जाड काचेपलीकडे पोलाद रसरसत होते. खनिजापासून लोखंड काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून खूप कमी ऊर्जेत हे काम होते, असे मॅडमनी सांगितले. "आणि लोखंडाचं कौतुक असं, काका, की तांबं-बिंबं मिसळू दिलं नाही तर ते कितीदाही वितळवा. ते झिजतं, गंजतं, पण संपत नाही."

"ह्यातली मालन कुठली?" आबांनी विचारले.

मॅडम खोटे बोलल्या असत्या तर आबांना कळलेही नसते. पण त्यांनी मान हलवली. "ते नाही सांगता येणार. या एका घाण्यात कितीतरी गाड्या एकत्र आल्यात. ह्याच्या सळ्या होतील, पत्रे होतील, पुलाला लागतील, मोटारींना लागतील. पण अमुक एक सळी मालनची, असं मी नाही म्हणू शकत."

आबा काचेपलीकडे बघत राहिले. मंजिरीला धास्ती वाटली. आबांनी एवढा एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर मिळालेच नव्हते. विषय बदलावा म्हणून ती पटकन म्हणाली, "मॅडम, गाडी बनवतानाच सगळ्या तारा एका ओढीत निघतील अशा का नाही बसवत?"

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिले. "काही कारखाने आता तसं करायला लागलेत. जोडतानाच सोडवायचा विचार करतात. पण सगळे नाही. तू मोठी झालीस की उरलेल्यांना जाऊन हेच विचार. आणि त्यांनी 'पुरे आता' म्हटलं तरी थांबू नकोस."

पुढे कितीतरी दिवस आबा गप्प होते. मालनबद्दल त्यांनी पुन्हा कुणाला काही विचारले नाही, आणि त्यांच्या मनात काय चालले आहे ते मंजिरीला कळत नव्हते.

ते कळले दिवाळीनंतर. आत्याकडून परत येताना दोघे घाटाच्या तोंडाशी, हमरस्त्यावरच्या एका टपरीवर चहाला थांबले होते. समोरून चालक नसलेल्या गाड्यांची एक रांग गेली. आबांनी हात वर करून नमस्कार केला. मग एक शाळेची बस गेली. आबांनी तिलाही हात केला. पाठोपाठ उसाची ट्रॉली गेली, रुग्णवाहिका गेली, आबांचा हात काही खाली येईना.

घाटात गाडी चालवायला अजूनही माणूसच लागायचा. तशीच एक नवीकोरी विजेची मालवाहू गाडी टपरीसमोर येऊन थांबली आणि आतून एका तरुण चालक मुलीने डोके बाहेर काढले.

"काका, तुम्ही हात केलात. पण मी ओळखलं नाही तुम्हाला."

"मला कुठनं वळखशील? मी तुझ्या गाडीला रामराम केला."

ती मुलगी गोंधळली. "माझी गाडी तुमच्या ओळखीची कशी असेल? परवाच कारखान्यातून आली. अगदी नवीन आहे."

"नवीन कशाची!" आबा हसले. किती दिवसांनी मंजिरी त्यांना असे हसताना बघत होती. "लोखंड कधी नवीन असतंय व्हय, पोरी? तिला म्हणावं, घाटात सावकाश जा."

त्या मुलीला काही उमगले नसावे. तरी तिने खिडकीतून हात बाहेर काढून गाडीच्या दारावर दोनदा थोपटले आणि म्हणाली, "ऐकलंस ना? सावकाश."

गाडी घाटाकडे वळली. तिच्यामागून आणखी एक येत होती, म्हणून मंजिरीनेही हात वर केला.